उपचार चिठ्ठीने ठरवावा काय?

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट आहे. इशाची नमाज आटोपून मशीद रिकामी होत आली होती. आमच्या मोहल्ल्यातील एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांना लहानथोर सारेच ‘चाचा’ म्हणतात, हातात घडी घातलेले कागद घेऊन माझ्यापाशी येऊन बसले. चाळीस वर्षे त्यांनी शिवणकामावर संसार चालविला. त्यांचा धाकटा मुलगा ३२ वर्षांचा. दुकानातील कटिंगचे सारे काम त्याच्याकडे. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी कापड कापता कापता त्याच्या हातून कात्री गळून पडली, तोंड वाकडे झाले आणि जीभ जड झाली. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली होती. डॉक्टरांच्या भाषेत पक्षाघात, आपल्या घराघरांतील भाषेत लकवा. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, काही आठवड्यांत तो चालूही लागला. परंतु उजव्या हाताची बोटे उघडेनात आणि शब्द सापडायला वेळ लागू लागला.

चाचांच्या हातातले कागद एका रुग्णालयातून आले होते. तेथे लकव्यानंतर हात पुन्हा कामाला लागावा यासाठी एका नव्या सराव-पद्धतीचे संशोधन चालले होते. निम्म्या रुग्णांना नेहमीचा व्यायाम, निम्म्यांना त्याच्या जोडीला ही नवी पद्धत; आणि कोणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरविणार नाहीत, संगणक चिठ्ठी टाकून ठरविणार.

चाचा म्हणाले, “मौलाना, मी शिकलेला माणूस नाही. पण एवढे मला कळते. नवा उपचार चांगला असेल तर सगळ्यांना द्या. वाईट असेल तर कुणालाच देऊ नका. चिठ्ठी कशाला? माझ्या पोराचा हात काय लॉटरीचे तिकीट आहे? हे हलाल आहे का, सांगा.”

मी त्या रात्री जे उत्तर दिले त्याची आज मला लाज वाटते. मी म्हणालो, “चाचा, सब्र करा, इस्तिखारा करा, अल्लाह मार्ग दाखवील.” हे शब्द खोटे नव्हते, परंतु ते मी चाचांना धीर देण्यासाठी उच्चारले नव्हते, प्रश्न टाळण्यासाठी उच्चारले होते. घरी परतताना ध्यानात आले की, चाचांचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा कितीतरी खोल होता. पुढचे काही आठवडे मी त्याचा शोध घेतला. त्या शोधातून जे हाती आले ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवीत आहे, कारण हे कागद उद्या कोणाच्याही घरी येऊ शकतात.

चांगले, वाईट आणि ठाऊक नसलेले

चाचांनी उपचाराचे दोन प्रकार मानले : चांगला आणि वाईट. तिसरा प्रकार त्यांच्या हिशेबात नव्हता आणि माझ्याही नव्हता. तो म्हणजे असा उपचार, जो चांगला आहे की वाईट हे आज अल्लाहखेरीज कोणालाच ठाऊक नाही.

ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये, कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांची विचारणा होणार आहे, अशी ताकीद कुरआनात आहे (बनी इस्राईल : ३६). आपण हा आदेश बहुधा निंदानालस्ती आणि संशयखोरीपुरता घेतो. परंतु आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्यालाही तो लागू नाही काय? ‘याने गुण येतोच’ असे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य कशाच्या आधारे सांगत असतो?

लकव्यातून बरे होण्याविषयीचे संशोधन वाचताना या आदेशाचा अर्थ मला नव्याने उमगला. तीनच उदाहरणे देतो.

रुग्णाला जितक्या लवकर आणि जितक्या वेळा अंथरुणाबाहेर काढून उभे करावे तितके उत्तम, असे अनेक तज्ज्ञांना मनापासून वाटत होते. मग पाच देशांतील २१०४ रुग्णांवर ‘अव्हर्ट’ नावाचे संशोधन झाले आणि २०१५ साली निष्कर्ष आले. पहिल्या २४ तासांतच अधिक जोमाने हालचाल सुरू केलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण ४६ टक्के निघाले, तर नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात ५० टक्के. सद्हेतूने केलेली घाई काहींना बाधली होती.

दुसरे उदाहरण औषधाचे. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटीनमुळे लकवा झालेले अवयव लवकर सुधारतात, असे २०११ साली फ्रान्समधील ११८ रुग्णांच्या अभ्यासातून दिसले. आशा पल्लवित झाल्या. ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर तीच परीक्षा झाली तेव्हा असे आढळले की, या औषधाने नैराश्य काहीसे टळते, परंतु हातापायांच्या सुधारणेत फरक पडत नाही. उलट हाड मोडण्याचे प्रमाण वाढते.

तिसरे उदाहरण आपल्याच देशाचे आणि माझ्या मनाला सर्वांत चटका लावणारे. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट थोडे आणि घरचे लोक पुष्कळ. तेव्हा घरातल्याच एखाद्या व्यक्तीला शिकवून तिच्याकडून रुग्णाचा सराव करून घेतला तर? किती शहाणपणाची कल्पना! भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ हे संशोधन झाले, लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन हे त्यातील एक प्रमुख संशोधक. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ४७ टक्के होते.

कोणी म्हणेल, मग हे सारे कष्ट वाया गेले. मला तसे वाटत नाही. ही परीक्षा झाली नसती तर देशभरातील लाखो घरांत आई, पत्नी, बहीण यांच्या खांद्यावर आणखी एक ओझे टाकले गेले असते. आणि रुग्ण सुधारला नाही की ‘तूच नीट सराव करून घेतला नाहीस’ असा ठपकाही तिच्याच माथी बसला असता. त्या १२५० कुटुंबांनी एका सत्याची साक्ष दिली आणि न पाहिलेल्या कितीतरी स्त्रियांची त्या ठपक्यातून सुटका केली.

काही उपचार कसोटीला उतरतातही. सशक्त हात दिवसातील बहुतेक वेळ मोज्यात बांधून ठेवायचा आणि दोन आठवडे दुबळ्या हातालाच सारी कामे करायला लावायची, ही पद्धत अमेरिकेत २२२ रुग्णांवर पारखली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत वर्षभरानंतरही लाभ टिकून असल्याचे दिसले. आणि एक न्याय्य गोष्ट पाहा : ज्यांच्या वाट्याला आरंभी नेहमीचे उपचार आले होते, त्यांनाही वर्षानंतर ही पद्धत देण्यात आली.

चिठ्ठी आणि जुगार

आता चाचांच्या मूळ आक्षेपाकडे वळू. न कळणारे शोधायचे हे मान्य. पण चिठ्ठीच का? शहाण्या डॉक्टरने स्वतः का ठरवू नये?

कुरआनाने जुगार आणि शकुनाचे बाण निषिद्ध ठरविले आहेत (अल् माइदा : ९०). त्याच कुरआनात हजरत मरयम (अलै.) यांचा सांभाळ कोणी करावा यासाठी लेखण्या टाकल्या गेल्याचा उल्लेख आहे (आले इमरान : ४४). हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसप्रमाणे पैगंबर (स.) प्रवासाला निघताना आपल्या पत्नींमध्ये चिठ्ठी टाकीत आणि जिचे नाव येई तिला सोबत नेत. बाहेरून पाहता बाण आणि लेखणी दोन्ही टाकल्याच जातात. मग एक हराम आणि दुसरे सुन्नत कसे?

फरक हेतूचा आहे. शकुनाचा बाण टाकणारा निर्जीव वस्तूला गैबची बातमी विचारतो. जुगारी दुसऱ्याचे धन कष्टावाचून लाटू पाहतो. ‘कुरआ’ म्हणजे न्याय्य चिठ्ठी. ती टाकणारा यांपैकी काहीच करीत नाही. दोन समान हक्कदारांमध्ये निवड करताना आपला कल, आपली आवड, आपला लोभ आड येऊ नये म्हणून तो आपला हात मागे घेतो. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी चिठ्ठीने नवा हक्क सिद्ध होतो हे मानले नाही, तर अन्य अनेक इमामांनी तिला अधिक व्यापक स्थान दिले. परंतु जेथे हक्क समान आहेत तेथे मने शांत राहावीत आणि पक्षपाताचा संशय उरू नये म्हणून चिठ्ठी टाकणे हनफी फुकहांनाही मान्य आहे.

संशोधनातील चिठ्ठीचे काम नेमके हेच आहे. निवड डॉक्टरांवर सोपविली तर दयाळूपणाने ते नवा उपचार त्याच रुग्णांना देतील ज्यांच्या सुधारण्याची त्यांना आशा वाटते. मग सुधारणा दिसली तरी ती उपचाराने झाली की मुळातच रुग्ण तरुण व धट्टाकट्टा होता म्हणून झाली, हे कधीच कळणार नाही. प्रसिद्ध हकीम अबू बकर अल् राझी यांनी ‘अल् हावी’ या ग्रंथात आपल्या एका प्रयोगाची नोंद करून ठेवली आहे. मेंदूच्या एका दाहक आजारात त्यांनी एका गटाचे रक्त काढले आणि दुसऱ्या गटाचे मुद्दाम काढले नाही, जेणेकरून खरे काय ते समजावे. तुलना केल्यावाचून ज्ञान नाही, हे हजार-अकराशे वर्षांपूर्वी त्यांना उमगले होते. परंतु गट त्यांनी स्वतःच्या निवडीने पाडले. त्यांच्या विचाराला चिठ्ठीची जोड मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

चिठ्ठी केव्हा जुलूम ठरते

येथवर वाचून कोणी असे समजू नये की संशोधनाचे नाव घेतले की सारे काही हलाल होते. चिठ्ठीचा न्याय अज्ञान प्रामाणिक असेल तोवरच टिकतो. गुण येतो हे सिद्ध झालेला उपचार एखाद्यापासून दडवून ठेवणे हा जुलूम आहे, मग त्याला विद्येचे कितीही भारदस्त नाव द्या. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या चाळीस वर्षांत सुमारे ४०० गरीब कृष्णवर्णीयांचा उपदंश केवळ निरखीत राहण्यात आला. पेनिसिलीनने तो बरा होतो हे कळल्यानंतरही त्यांना ते दिले गेले नाही आणि त्यांच्यापासून सत्यही लपविले गेले. आपल्यासारख्या साध्या लोकांच्या मनात संशोधन या शब्दाचे भय आहे, ते अकारण नाही.

म्हणून कागदावर सही करण्यापूर्वी विचारावे, आणि विचारताना संकोच करू नये. सध्या मिळत असलेला योग्य उपचार चालू राहणार काय? नव्या पद्धतीतील धोके कोणते? इजा झाली तर जबाबदारी कोणाची? मध्येच माघार घेतली तर पुढील उपचारांवर परिणाम होणार नाही ना? नीतिविषयक समितीची मंजुरी आहे काय? भारताच्या चिकित्सा-परीक्षण नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, या अभ्यासाची नोंद आहे काय? आणि हे सारे मला कळेल अशा मराठीत लिहून मिळेल काय? यांची उत्तरे द्यायला जो कंटाळतो, त्याला नम्रपणे नकार द्यावा.

याच तराजूत दुसऱ्या बाजूलाही तोलून पाहावे. लकवा झाला की आपल्याकडे कबुतराच्या रक्ताने मालिश सुचविणारे भेटतात, हजारो रुपयांचे काढे विकणारे भेटतात. त्यांना आपण कोणते कागद मागतो? अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसचा आशय असा की, वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो त्याच्यावर नुकसानीची जबाबदारी येते. जो ‘मला ठाऊक नाही, म्हणून शोधतो आहे’ असे लेखी सांगतो त्याच्यावर आपण संशय घ्यावा, आणि जो काहीही न पारखता ‘हमखास’ म्हणतो त्याच्यावर विश्वास टाकावा, हा कोणता न्याय?

तरुणाचे बरे होणे वेगळे

मुलगा चालतो, जेवतो, नमाजला येतो; मग आता संशोधनात कशाला पडायचे, असेही मोहल्ल्यातील काहींनी चाचांना विचारले. या प्रश्नाचे उत्तर संशोधनाच्या एका उणिवेत दडले आहे.

लकव्यानंतरच्या सुधारणेचे मोठे अभ्यास प्रामुख्याने वृद्धांवर झाले. वर सांगितलेल्या ‘अव्हर्ट’मध्ये निम्म्याहून अधिक रुग्ण सत्तरीपलीकडचे होते. यांत सुधारणा मोजण्याची जी श्रेणी सर्वत्र वापरली जाते, तिच्यात स्वतःचे व्यवहार मदतीवाचून सांभाळणारा मनुष्य, पूर्वीची सारी कामे जमत नसली तरी, ‘चांगल्या’ गटात धरला जातो. सत्तरीतल्या आजोबांसाठी हे माप बरोबर असेल. परंतु ३२ वर्षांचा शिंपी, ज्याला कात्री धरता येत नाही, तोही या मापाने ‘चांगला’ ठरतो! त्याच्यापुढे कदाचित चाळीस वर्षांचे आयुष्य आहे, घरात तीन वर्षांची लेक आहे, दुकानाचे भाडे आहे.

नेदरलँड्समधील नाइमेखन येथे १८ ते ५० या वयात पक्षाघात झालेल्यांचा अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यात दिसून आले की, अशा रुग्णांत बेरोजगारीचे प्रमाण त्याच वयाच्या इतरांपेक्षा दुपटीहून अधिक आहे. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या कित्येकांना असा थकवा छळतो जो झोपेने जात नाही. ‘दिसतो तर बरा, मग कामाला का जात नाही?’ हा टोमणा त्यांना आजाराइतकाच जखमी करतो. हा टोमणा मारणारे आपणच असतो. तरुण रुग्ण अभ्यासांत सामील झाले नाहीत तर त्यांचे प्रश्न विचारले जाणार नाहीत, आणि जो प्रश्न विचारला जात नाही त्याचे उत्तर कोणी शोधत नाही.

खेडूत अरबांनी पैगंबर (स.) यांना विचारले होते की, आम्ही औषधोपचार करावेत काय? करा, असे उत्तर मिळाले; वार्धक्य सोडल्यास अल्लाहने असा आजार ठेवला नाही ज्याचा इलाज ठेवला नाही, असा त्या हदीसचा आशय आहे. इलाज ‘ठेवलेला’ आहे; म्हणजे कोणीतरी तो शोधायचाही आहे. तवक्कुल शोधाची मनाई करीत नाही. शोधणाऱ्याचे मन निकालाच्या भीतीतून मोकळे करणे, हे तवक्कुलचे काम आहे. आणि सब्र म्हणजे हात बांधून बसणे असेल, तर बंद मूठ उघडण्यासाठी दिवसातून शेकडो वेळा तोच सराव करणाऱ्या त्या तरुणाला आपण काय म्हणणार?

ज्याचा हात, त्याचा शब्द

एवढे सारे वाचून, टिपणे काढून मी चाचांच्या घरी गेलो. बैठकीत चाचा, त्यांचे थोरले चिरंजीव आणि मी, तिघांनी तासभर चर्चा केली. मी मरयम (अलै.) यांचा दाखला दिला, राझींचा दिला. चाचांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. तेवढ्यात चहा घेऊन आलेली सून दारातूनच हळू आवाजात म्हणाली, “मौलाना, यांना विचारलं का कुणी?”

तो कोपऱ्यातील खुर्चीवर बसून सारे ऐकत होता. त्याच्या हाताविषयी आम्ही तासभर बोललो होतो आणि त्याच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. बोलायला वेळ लागतो म्हणून आम्ही त्याला मुका धरले होते, आणि मुका म्हणून जणू अजाणही.

वास्तविक मुक्याला अजाण मानणे आपल्या फिक्हलाही मान्य नाही. मुक्या मनुष्याचा स्पष्ट, ओळखीचा इशारा बोललेल्या शब्दाच्या जागी धरावा, हा नियम एकोणिसाव्या शतकात उस्मानी साम्राज्याने सिद्ध केलेल्या ‘मजल्ला’ या कायदासंहितेच्या ७० व्या कलमात आला आहे. आजाराने ज्याची जीभ अचानक अडखळली त्याच्याबाबत हनफी फुकहांनी थोडे थांबण्याचा सावधपणा सांगितला. कारण त्याची वाचा परत येण्याची आशा असते. म्हणजे घाईघाईने त्याच्या वतीने निर्णय उरकण्यापेक्षा त्याच्या शब्दाची वाट पाहणे श्रेयस्कर. आणि या तरुणाची तर वाचा गेलेलीच नव्हती. तिला फक्त वेळ हवा होता.

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि म्हणालो, “भाई, तुम्हाला काय वाटतं?” बराच वेळ गेला. मग एकेक शब्द जोडीत तो म्हणाला, “आठवड्यात... तीनदा... जायचं. गाडीभाडं... कोण देणार?”

आम्ही कोणीच हा प्रश्न काढला नव्हता. त्याच्यासोबत जाणार त्याची पत्नी, तिचा पिको-फॉलचा रोज बुडणार, हे गणित त्याने केव्हाच मांडले होते. माझ्या साऱ्या दाखल्यांपेक्षा तो प्रश्न वजनदार होता. थोरल्या भावाने दुसऱ्या दिवशी रुग्णालयात चौकशी केली. येण्याजाण्याचा खर्च मिळणार असल्याचे लेखी उत्तर आले. मग त्याने डाव्या हाताने, वेडीवाकडी का होईना, स्वतः सही केली.

चिठ्ठीत त्याच्या वाट्याला नेहमीचा व्यायाम आला. चाचा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फजरनंतर मला म्हणाले, “मौलाना, नवी पद्धत चांगली निघाली तर?” मी म्हणालो, “तर ती चांगली आहे हे तुमच्या मुलामुळेही कळलेले असेल. आणि वाईट निघाली तर तिच्यातून वाचल्याबद्दल शुक्र करू. आज दोन्ही आपल्याला ठाऊक नाही.” चाचा काही बोलले नाहीत. त्यांचे समाधान झाले असा दावा मी करीत नाही. बापाच्या काळजाला तर्काने समजावता येते त्याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा ओलांडण्याचा मला अधिकार नाही.

एका जिवाला वाचविणे म्हणजे जणू साऱ्या मानवजातीला वाचविणे, अशी शिकवण आपण वारंवार ऐकतो (अल् माइदा : ३२). वाचविणारा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर उभा राहतो. आता माझ्या डोळ्यांसमोर त्याच्यासोबत एक रुग्णही उभा राहतो. आपली बंद मूठ टेबलावर ठेवून, आज किती बोटे उघडली याची नोंद करू देणारा. त्या नोंदीचा लाभ कदाचित त्याला होणार नाही. ज्याला होईल त्याचे नाव त्याला कधी कळणार नाही. फलदायी ज्ञानाचे पुण्य मृत्यूनंतरही चालू राहते, असे आपण शिकवितो. त्या ज्ञानात ज्याने आपल्या आजाराचा वाटा घातला, तो त्या पुण्यातून वगळला जाईल असे मला वाटत नाही.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना संपूर्ण शिफा देवो, त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ देवो, शोध घेणाऱ्यांना प्रामाणिकपणा देवो, आणि जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे धैर्य मिंबरावर उभ्या राहणाऱ्या आम्हा सर्वांना देवो. आमीन.